वरून हुकूम येत नाही तेव्हा

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतात. जुलै-ऑगस्टात धरण भरलं की दरवाजा उघडतो, पातळी उतरली की मिटतो. 'सहा नंबरचा दरवाजा उघडला' अशी बातमी येते आणि पंचगंगेकाठची माणसं सावध होतात. पण तो दरवाजा कोणी उघडलेला नसतो. कोल्हापुरातून हुकूम येत नाही, बटणावर कोणाचं बोट नसतं. भोगावतीचं पाणी आपल्याच दाबानं दार ढकलतं.

आपल्या पाठीच्या कण्यात असाच कारभार चालतो. मज्जारज्जू म्हणजे मेंदूची तार, एवढंच आपण धरून चालतो: वरून हुकूम सुटतो, खाली पाय हलतो, मधे तार. ती तुटली की खालचं सगळं मेलं. हे शेवटचं वाक्य साफ चुकीचं आहे, आणि ते कसं चुकीचं आहे हे पाहताना मी थक्क होत गेलो.

मज्जारज्जू जेमतेम पंचेचाळीस सेंटीमीटर लांब, सुमारे एक सेंटीमीटर जाड. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतोही. त्याखाली नुसत्या नसांचा झुबका. मेंदूकडून येणारे आणि मेंदूकडे जाणारे तंतू त्यात आहेतच, पण आतल्या राखी भागात स्वतः निर्णय घेणाऱ्या पेशींची वस्ती आहे. विस्तवावर पाय पडला तर पाय आधी वर येतो, चटका मागून कळतो. पाय उचलायचं खालीच ठरतं आणि मेंदूला ते नंतर कळवलं जातं.

आता हा रज्जू पाठीत मधेच चिरडला, असं समजा. राधानगरी भागात याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. मृगाआधी घर शाकारायला माणसं कौलांवर चढतात, कोणी झाडावर चढतं, घाटात दुचाकी घसरते. रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणं ही आपल्याकडची दोन मोठी कारणं. (पडलेल्या माणसाला दोघांनी बगलेत धरून बसतं करायचं आणि जीपमध्ये घालायचं, ही आपली मदतीची रीत. मोडलेला मणका अशा वेळी सरकला तर वाचलेला रज्जूही जातो. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, फळीवर आडवं न्यावं.)

सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, इजेखालचं सगळं खरोखरच मेल्यासारखं असतं. पाय लुळे, गुडघ्यावर हातोडी मारली तरी काही नाही. याला 'स्पायनल शॉक' म्हणतात. मग रुग्ण घरी येतो आणि एके सकाळी आई अंग पुसत असताना पाय ताडकन उडतो.

"मॅडम, पाय हाललाय की ओ! सगळ्यांनी बघितलंय."

फिजिओथेरपिस्ट मुलीच्या कामातला हा सगळ्यात अवघड क्षण असावा. "मावशी, हलला हे खरं. पण त्यानं हलवलेला नाही. आपण बघू, त्याला सांगून अंगठा हलतोय का."

बहुतेक वेळा हलत नाही. घरात सुतक पडतं. मला मात्र वाटतं, त्या मुलीनं दिलेल्या बातमीत निराशेइतकंच नवलही आहे. वरचा हुकूम बंद झाल्यावर खालच्या पेशी आधी गप्प झाल्या, मग नव्या जोडण्या करून त्यांनी आपला कारभार पुन्हा सुरू केला, तोही वरचा लगाम नसल्यामुळे जरा जास्तच जोरात. हे झटके नुसता उपद्रव नसतात. त्यांच्यामुळे स्नायू अगदीच वाळत नाहीत. आणि एकाएकी झटके वाढले तर खाली काहीतरी बिनसलंय असं समजावं: नख रुतलंय, पाठीला जखम होतेय, किंवा लघवी तुंबलीय.

लघवीचं प्रकरण तर जिवावरचं. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर भरलेल्या मूत्राशयाची कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. पण इजेखालच्या रज्जूला ती पोचते. तो घाबरून रक्तवाहिन्या आवळतो. रक्तदाब भडकतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. अशा वेळी गोळी शोधत बसण्याआधी रुग्णाला बसतं करायचं, कपडे सैल करायचे आणि लघवीची नळी कुठे दुमडलीय का पाहायचं. नळी सरळ झाली की रक्तदाब बघता बघता उतरू शकतो. असा रुग्ण असलेल्या घराच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवं.

मणका मोडलेल्यांना जुन्या काळी मारलं ते लघवीच्या जंतुसंसर्गानं आणि पाठीच्या जखमांनी. इजिप्तमध्ये सापडलेल्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय पपायरसात मानेचा मणका निखळलेल्या माणसाला उपचार करू नये अशा रुग्णांत टाकलं आहे, आणि तिथपासून पहिल्या महायुद्धापर्यंत फारसं काही बदललं नव्हतं. बदल केला लुडविग गुटमन या जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू मज्जातज्ज्ञानं. 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात त्याच्याकडे अशा जवानांचा विभाग आला. त्याचं औषध काय, तर दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसाही, रात्रीही, न चुकता. रात्री तो स्वतः वॉर्डात तपासायला जायचा. माणसं मरायची थांबल्यावर प्रश्न आला, आता यांनी करायचं काय? 29 जुलै 1948 ला लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन चालू असताना गुटमननं इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा लावली. पॅरालिंपिकची सुरुवात ती.

त्या स्पर्धेचं सोनं चोवीस वर्षांनी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आलं. सांगलीतल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात राहिली, कमरेखालचं गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि 1972 ला जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडलं. आपल्याकडे घाई कशालाच नसते.

त्याच 1972 साली अमेरिकेत जॅक लॅपिडेस या मूत्ररोगतज्ज्ञानं एक बंडखोर गोष्ट छापली. कायमची नळी ठेवण्याऐवजी रुग्णानं दर काही तासांनी स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामं करावं. हात साबणानं धुतलेले असले की पुरे, शस्त्रक्रियेसारखं निर्जंतुक काही नको. मूत्राशय तुंबून ताणलं गेलं नाही तर थोडेफार जंतू शरीर स्वतःच निभावतं, हा त्याचा तर्क. सहकारी दचकले, पण तो बरोबर ठरला. खेडेगावातल्या माणसाच्या आयुष्यात या स्वस्त युक्तीनं जेवढा फरक पडला तेवढा क्वचितच एखाद्या यंत्रानं पडला असेल.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. 1911 साली थॉमस ग्रॅहम ब्राउन यानं दाखवलं की मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनाही तोडल्या, तरी खालच्या भागातून चालण्याची लय उमटते: एक पाय वाकतो, दुसरा ताठ होतो, मग उलट. चालण्याचा ताल रज्जूतच भरलेला आहे. पुढे 1980 च्या दशकात नुसता रज्जू तोडलेल्या मांजरांना सरकत्या पट्ट्यावर रोज सराव दिला, तर त्यांचे मागचे पाय पावलं टाकू लागले. मग कॅलिफोर्नियात रेजी एजर्टन यांच्या चमूला दिसलं की उभं राहायचा सराव दिलेली मांजरं उभी राहू शकत, पण चालायला लावलं की अडखळत. म्हणजे मेंदूशी संबंध तुटलेला रज्जू शिकतो, आणि जे घोटून घेतलं तेवढंच शिकतो!

माणसाचा रज्जू मांजराइतका स्वतंत्र नाही, म्हणून आपल्यात हे नुसत्या सरावानं होत नाही. अमेरिकेत लुईव्हिलला एका तरुणाच्या रज्जूवर विजेचे सूक्ष्म झटके देणारी पट्टी बसवली, त्याचा निकाल 2011 साली छापून आला. कंबरेखाली काहीच हलत नसलेला तो तरुण पट्टी चालू असताना स्वतःच्या पायांवर भार घेऊन उभा राहिला, आणि काही महिन्यांच्या सरावानंतर ठरवून पाय हलवू लागला. 2023 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या संशोधकांनी त्यापुढची उडी जाहीर केली. सायकल अपघातात अधू झालेल्या एका डच गृहस्थाच्या मेंदूवर त्यांनी 'चालायचंय' हा विचार टिपणारं उपकरण बसवलं आणि तो संदेश बिनतारी रज्जूवरच्या पट्टीला पोचवला. काही काळानं यंत्र बंद असतानाही ते कुबड्यांवर थोडं चालू लागले. त्यांच्यातले थोडे तंतू शाबूत होते, हे सांगायला हवं. 'पूर्ण' म्हणून शिक्का बसलेल्या अनेक इजांतही असे थोडे शाबूत असतात.

तुटलेले तंतू स्वतः वाढत का नाहीत? 1981 साली माँट्रियलला अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा जोडला, आणि कधीच वाढत नाहीत असं मानलेले तंतू त्या तुकड्यातून सेंटीमीटरच्या हिशेबानं वाढले. तंतूंत धमक आहे, भोवतालची जागा त्यांना वाढू देत नाही. त्या जागेला वळवायचं कसं, यावर अजून प्रयोगशाळा झुंजताहेत.

रज्जू घोटून घेतलं तेवढंच शिकतो, हा घोकंपट्टीचा नियम मेंदूलाही लागू आहे, आणि इथे येतात ते अंगावरून वारं गेलेले आज्जी-आजोबा. (मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, राधानगरीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. म्हणून तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली की देवऋषी नको, गाडी काढा.) मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. रँडॉल्फ नूडो यांनी 1996 साली माकडांत दाखवलं की इजेनंतर बोटांचा सराव करून घेतला तर शेजारचा, खांदा-कोपराचा प्रदेश बोटांचं काम अंगावर घेतो. मात्र अशा प्रयोगांत प्राणी दिवसाला चारशे-सहाशे वेळा हात पुढे करतात. उत्तर अमेरिकेतल्या उपचारकेंद्रांत कॅथरीन लँग यांनी प्रत्यक्ष मोजलं, तर एका बैठकीत दुबळ्या हाताच्या कामाच्या हालचाली भरल्या सरासरी 32. तिथे ही गत, तर तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या फिजिओकडून काय मागायचं?

घरच्यांनी करून घ्यावं, हे ओघानं आलं. भारतातल्या 14 इस्पितळांत 1250 रुग्णांवर हे तपासलं गेलं, 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: घरच्यांना शिकवून सोडलेल्या रुग्णांत सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी झालेलं नव्हतं. मला हा निकाल बोचतो, पण तो लपवण्यात अर्थ नाही. दोन-चार दिवसांच्या शिकवणीवर चारशेची गिनती घरी भरेल, ही अपेक्षाच जास्त होती असं मला वाटतं. आजीला रबरी चेंडू दाबायला सांगितला की ती पाच वेळा दाबून ठेवून देते. शेंगा फोडायला बसवलं तर तासभर फोडते. त्या हाताला चेंडूपेक्षा शेंग ओळखीची असते.

एवढं करूनही काहींचे पाय येतच नाहीत. तिथून पुढचं पुनर्वसन अंगाबाहेर सुरू होतं, आणि ते कसं करतात हे शिकायला कोल्हापूरकरांना परदेशी जायला नको. नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं अंग सोळा-सतराव्या वर्षी गेलं. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाणांना भेटल्यावर त्यांना जगायची वाट दिसली. केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात त्यांनी नोकरी केली आणि 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. उचगावला वसतिगृह आणि शाळा, कुडाळ तालुक्यात 'स्वप्ननगरी' आणि तिथलं काजूप्रक्रियेचं काम. त्यांचं आत्मकथन 'चाकाची खुर्ची' घरात असा रुग्ण असलेल्यांनी आधी वाचावं, डॉक्टरांनी त्याहून आधी.

खुर्ची मिळाल्यावर पहिला अडसर घराचा उंबरा. राधानगरीच्या पावसामुळे घरांची जोती उंच बांधलेली. उताराचं प्रमाण एकास बारा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटी जोत्याला चोवीस फूट उतार लागतो, तेवढं अंगण नसेल तर मधे सपाट जागा ठेवून तो वळवावा लागतो. त्याहून खडा केला तर चढताना मागून कोणीतरी ढकलावं लागतं आणि उतरताना खुर्ची हातात राहत नाही. गवंड्याला हे माप सांगावं लागतं. नाहीतर तो मोटारसायकल चढेल असा उतार बांधून मोकळा होतो.