दार वर, पुस्तक हाती : काचेच्या कपाटांचा दुर्लक्षित धंदा

बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगाव, कुठल्याही गावातील वकिलाच्या कचेरीत जाऊन पाहा. कायद्याची जाडजूड पुस्तके उघड्या घोडीवर किंवा लोखंडी रॅकवर धूळ खात पडलेली दिसतील. मदरशात, शाळेत, गावच्या वाचनालयात तीच गत. पुस्तकाला किंमत मोजणारा माणूस ते ठेवायच्या जागेकडे पाहत नाही, आणि आपला कारागीर त्याला चांगली जागा बनवून द्यायला पुढे येत नाही. गिऱ्हाईक आहे, कारागीर आहे, हुन्नरही आहे. फक्त माल बाजारात नाही. तो माल म्हणजे काचेचे दार वर उचलून आत सरकवायचे पुस्तकांचे कपाट.

आम्ही कापडाचे व्यापारी, सुतारकीत नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. पण धुळीशी आमचे वैर तितकेच जुने आहे. कापसाचा मोसम आला की या जिल्ह्यात जिनिंगची भुरी आणि काळ्या रानाची माती मिळून हवेत तरंगत असते. साडीच्या घडीवर एक रेघ उठली की भाव पडतो. त्यामुळे कपाटाच्या दाराचा विचार आम्हाला पोटासाठी करावा लागतो.

हे कपाट आले कुठून?

अमेरिकेत ओटो वर्निके नावाच्या माणसाने १८९० च्या दशकात सुट्या कप्प्यांचे कपाट बाजारात आणले. १८९९ मध्ये त्याचा धंदा सिनसिनाटीच्या ग्लोब कंपनीत मिळाला आणि ‘ग्लोब-वर्निके’ हे नाव जगभर गेले. युक्ती साधी होती. प्रत्येक कप्पा म्हणजे स्वतंत्र पेटी, तिला स्वतःचे काचेचे दार. खाली एक पाया, वर एक माथा, मध्ये हवे तितके कप्पे एकावर एक रचायचे. पुस्तके वाढली की कप्पा वाढवा. जागा बदलली की पुस्तकांसकट पेटी उचला. वकिलांना ही सोय फार पटली, म्हणून याला ‘बॅरिस्टर कपाट’ असेही म्हणतात. आपल्याकडे याचाच पत्र्याचा भाऊ सरकारी कचेऱ्यांत आणि कॉलेजांत गेला. काचेची झडप वर ढकलायची ती पत्र्याची बुककेस पुष्कळांनी पाहिलेली असेल.

फायदा कशात आहे?

बिजागरीचे दार उघडले की ते पुढची दीड-दोन फूट जागा खाते. अरुंद दुकानात ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर येते. बाजूला सरकणारी काच जागा खात नाही, पण एका वेळी अर्धेच कपाट उघडते. हवी ती वस्तू नेमकी दुसऱ्या अर्ध्यात असते. वर उचलून आत जाणारे दार पूर्ण कप्पा मोकळा करते आणि आत गेल्यावर पुढे आडही येत नाही. शिवाय एक कप्पा उघडला तरी बाकीचे बंद राहतात, म्हणजे धूळ एकाच कप्प्यात. पुस्तकाला चांगले तेच भारी कापडाला, भरतकामाला आणि अत्तराच्या बाटल्यांनाही चांगले.

माप आणि बांधणी

साधारण दहा इंच उंचीच्या पुस्तकासाठी एका कप्प्याचे माप आम्ही कारागिरांशी बसून ठरवले ते असे. बाहेरून रुंदी ३४ इंच, खोली १२ इंच, उंची १३ इंच. फळी पाऊण इंच जाडीची. वरखालची फळी वजा जाता आत साडेअकरा इंच उंची मिळते. त्यात दहा इंच पुस्तकाचे, अर्धा इंच बोट घालायला आणि वरचा एक इंच दाराला, कारण उघडलेले दार पुस्तकांच्या डोक्यावर आडवे पडते.

येथेच नक्कल करणारे फसतात. दाराची जितकी उंची, तितकी कपाटाची आतली खोली हवी. उभे दार आडवे होऊन आत जाते, म्हणून साडेअकरा इंची दाराला साडेअकरा इंच खोली लागणारच. उंच रजिस्टरांसाठी कप्पा सोळा इंच उंच केला आणि खोली बारा ठेवली, तर दार पुढे जिभेसारखे लोंबत राहील. उंची वाढवायची तर खोलीही वाढवा.

दाराची चौकट दीड इंच रुंद पट्टीची, कोपरे खाच पाडून कुसू घालून सांधलेले. नुसता खिळा किंवा डिंक येथे चालत नाही, कारण उचलताना सगळा भार कोपऱ्यांवर येतो. काच चार मिलिमीटरची पुरे. एका दाराला सुमारे दोन चौरस फूट काच लागते, तिचे वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरते. काच मागच्या बाजूने लाकडी पट्टीने बसवावी, म्हणजे फुटली तर बदलता येते.

आता दाराची चाल. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून, वरच्या अंगाला, पाव इंच रुंदीची आडवी झिरी मारायची. ती पुढे बंद आणि मागे उघडी ठेवायची. दाराच्या वरच्या दोन्ही टोकांना पितळी खुंट्या बसवायच्या, त्या झिरीत फिरतात. याशिवाय बंद दाराच्या लगेच मागे, झिरीच्या जरा खाली, प्रत्येक बाजूला एक-एक खुंटी फळीतच पक्की करायची. दार वर उचलून आडवे केले की ते या पक्क्या खुंट्यांवर टेकते आणि मागची टोके झिरीतून सरकत जातात. दाराची वरची कड गोल मारायला विसरू नये, नाहीतर ते वळताना वरच्या फळीला घासते. दार मागच्या बाजूने घालायचे आणि मग पाठीची प्लाय लावायची. प्लाय स्क्रूने लावा, खिळ्याने नको. दुरुस्तीच्या वेळी दार त्याच वाटेने बाहेर येते.

रुंद दार एका कोपऱ्याने ढकलले की तिरके होऊन अडकते. कारखान्याच्या मालात यावर कात्रीसारख्या लोखंडी पट्ट्या असत, त्या दोन्ही टोके बरोबर चालवीत. आपल्याला ते जमत नसेल तर मूठ बरोबर मध्ये लावावी, झिरीत मेण घासावे आणि रुंदी ३४ इंचांच्या पुढे नेऊ नये. दोन्ही बाजूंना नवा पैसा सरकेल एवढी सांध ठेवावी. मे महिन्यात घट्ट बसवलेले दार पावसाळ्यात फुगते आणि गिऱ्हाईक शिव्या देते.

खालच्या कडेला मखमलीची किंवा नमद्याची पट्टी चिकटवली की धूळ आत जात नाही आणि दार आपटल्याचा आवाजही येत नाही. त्यासाठी कापड दुकानातील कटपीस पुरे. सुतार आणि कापडवाला यांनी एकमेकांना धंदा द्यावा तो असा.

लाकूड आणि हिशेब

आपला जिल्हा कोरडा, चांगले सागवान बाहेरूनच येते. बल्लारशाच्या डेपोंत लिलाव होतात, तेथील माल व्यापाऱ्यांच्या हातून आपल्याकडे पोहोचतो. पूर्ण साग परवडत नसेल तर दाराची चौकट आणि बाजूच्या फळ्या सागाच्या ठेवा; तळ आणि माथा पाणी सोसणाऱ्या प्लायचा चालतो. एका पेटीला पुरे सागवान वापरले तर निव्वळ अर्ध्या घनफुटाहून थोडे जास्त लागते; घट धरून पाऊण ते एक घनफूट मोजा. त्यात काच, पितळ, पॉलिश आणि मजुरी धरून भाव पेटीवर सांगा, कपाटावर नाही. पाच पेट्यांचे कपाट एकदम घेणे ज्याला जड जाते, तो पाया, माथा आणि दोन पेट्या घेऊन जातो आणि पुढच्या साली तिसरीसाठी परत येतो. मात्र त्यासाठी माप कधीही बदलता कामा नये. एक फर्मा करून ठेवा आणि त्यावरच सगळ्या पेट्या कापा.

पुस्तकांनी भरलेली पेटी तीस किलोच्या आसपास किंवा अधिक भरते, म्हणून पाया मजबूत आणि जमिनीपासून चार इंच उंच असावा. वाळवीचा रस्ताही दिसत राहतो. ओलीच्या भिंतीला कपाट चिकटवू नये. काच धूळ अडवते, ओल अडवत नाही. महिन्यातून एकदा दारे उघडून हवा द्यावी, हे गिऱ्हाइकाला माल देतानाच सांगावे.

गिऱ्हाईक कोण?

पहिले वकील. नागपूरहून १९१४ पासून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे खंड अनेक कचेऱ्यांत वर्षानुवर्षे साठलेले आहेत. संगणक आला तरी ते कोणी फेकलेले नाहीत. दुसरी गावची वाचनालये. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते, आणि कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तकांबरोबर ती ठेवण्याच्या सामानासाठीही साहाय्य देते. वाचनालयाच्या चिटणिसांना भेटून लेखी दरपत्रक देऊन ठेवा.

तिसरे गिऱ्हाईक आपल्या घरांत आहे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. १८८४ पासून दरबाराची आणि कचेरीची जबान उर्दू, १९१८ मध्ये हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्या जमान्यातील कायदा, हिकमत, इतिहास आणि अदबच्या किताबा या जिल्ह्यातील जुन्या घरांत अजून गाठोड्यांत, ट्रंकांत पडून आहेत. दर पावसाळ्यात वाळवी आणि कसर त्यातल्या काही खाऊन टाकते. गेलेली किताब पुन्हा छापून मिळेलच असे नाही. आजोबांच्या किताबांसाठी दोन पेट्या करून देणारा कारागीर त्या घराचे मोठे काम करतो, आणि ट्रंकेत झाकलेली किताब काचेमागे दिसू लागली की कोणीतरी ती उघडतोही.

भांडवल

सुतारकाम हा २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांपैकी एक आहे. नोंदणी झाल्यावर प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने विनातारण कर्ज, पहिल्यांदा एक लाख व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत, अशी तरतूद आहे. लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. गावच्या सुविधा केंद्रात चौकशी करावी. झिरी मारायचे एक बरे यंत्र आणि चांगला फर्मा, एवढ्यावर हे काम उभे राहते.

तयार फर्निचरच्या दुकानातील भुशाच्या फळीशी भावात स्पर्धा करू नका. तिथे आपण हरणार. ती फळी ओल लागली की फुगते. आपली पेटी नातवाला उपयोगी पडते, आणि माल नेमका त्याच गोष्टीवर विकायचा आहे. पहिली पेटी नमुना म्हणून दुकानाच्या तोंडाशी ठेवा, त्यात चार पुस्तके मांडा आणि येणाऱ्याला दार स्वतःच्या हाताने उचलू द्या. दार अलगद आत गेले, तर पुढची बोली तोच सुरू करील.