एकाच श्वानातील दोन अंतःस्रावी विकार : उपचारांच्या क्रमाचा प्रश्न

स्वादुपिंड काढून टाकलेल्या श्वानास तीव्र मधुमेह जडतो, हे फोन मेरिंग आणि मिंकोव्हस्की यांनी १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे दाखवून दिले. पुढे १९३० मध्ये ब्वेनोस आयरेस येथे बेर्नार्दो उसाय आणि बियासोती यांनी अशा मधुमेही श्वानांची पोष ग्रंथीही काढून टाकली, तेव्हा त्यांचा मधुमेह पुष्कळच सौम्य झाल्याचे आढळून आले. या संशोधनासाठी उसाय यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९३६ मध्ये लाँग आणि ल्यूकन्स यांनी स्वादुपिंड काढलेल्या मांजरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून जवळजवळ तोच परिणाम साधला. क्रमिक पुस्तकांत या प्रयोगांचा उल्लेख येतो तो बहुधा येथवरच. तथापि त्यांची दुसरी बाजू चिकित्सकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पोष ग्रंथी नसलेला श्वान इन्सुलिनला विलक्षण संवेदनशील होतो. एरवी सहज सोसणारी मात्राही त्याची रक्तशर्करा धोक्याच्या पातळीखाली नेते. एका ग्रंथीचा प्रभाव हटविला की दुसऱ्या ग्रंथीच्या स्रावाची मात्रा पूर्वीची राहत नाही. दोन अंतःस्रावी विकार एकत्र असलेल्या श्वानाच्या उपचाराचे सारे गणित या एका गोष्टीभोवती फिरते.

अशा जोड्यांमध्ये मधुमेह आणि कुशिंग रोग, म्हणजे कॉर्टिसॉलचे आधिक्य, ही जोडी सर्वांत अधिक आढळते. एकाहून अधिक अंतःस्रावी विकार असलेल्या ३५ श्वानांची एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून अधिक श्वानांत हीच जोडी होती. कॉर्टिसॉल यकृतात शर्करेची निर्मिती वाढवितो आणि ऊतींना इन्सुलिनविषयी उदासीन करतो, हे त्याचे शरीरक्रियात्मक कारण. निदानाची अडचण मात्र निराळी आहे. अतितृषा, बहुमूत्रता, वाढलेली भूक, यकृताची वृद्धी, रक्तातील मेदाचे आणि अल्कलाइन फॉस्फेटेजचे आधिक्य ही लक्षणे दोन्ही रोगांत समान असतात. त्यामुळे दुसरा रोग पहिल्याच्या आड बराच काळ दडून राहू शकतो. लोंबते पोट, पातळ झालेली त्वचा, दोन्ही अंगांवर सारखीच झालेली केशहानी आणि मांसपेशींचा दुबळेपणा ही चिन्हे कुशिंग रोगाकडे बोट दाखवितात. मूत्रपरीक्षेतही एक उपयुक्त खूण सापडते. मूत्रात शर्करा असता त्याची विशिष्ट घनता सहसा बरी असते. शर्करा उतरत असूनही ती १.०२० च्या खाली राहिली, तर मधुमेहाखेरीज आणखी काही आहे असा संशय घेणे रास्त होय.

इन्सुलिनची गरज दर किलो वजनास प्रत्येक वेळी एक ते दीड एककाच्या वर जाऊ लागली की इन्सुलिन-प्रतिरोधाचा विचार करावा, असा संकेत आहे. परंतु प्रतिरोध म्हणजे लगेच कुशिंग रोग नव्हे. साध्या कारणांकडे दुर्लक्ष करून थेट अधिवृक्काच्या चाचण्यांकडे धाव घेण्याची प्रवृत्ती अलीकडे बळावलेली दिसते. ती खर्चिक आहे आणि बहुधा दिशाभूल करणारीही. भारतात इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० आणि १०० एकके अशा दोन्ही तीव्रतांत मिळते, आणि पिचकारी एकीची व कुपी दुसरीची ही चूक अजूनही घडते. उन्हाळ्यात शीतकपाटाबाहेर राहिलेली कुपी, मूत्रमार्गाचा लक्षणरहित संसर्ग, दातांतील पू, स्वादुपिंडाचा दाह ही कारणे आधी निकालात काढली पाहिजेत. वंध्यीकरण न झालेल्या मादीत माज येऊन गेल्यानंतरच्या सुमारे दोन महिन्यांत प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने स्तनग्रंथींतून वाढीचे हॉर्मोन स्रवते आणि इन्सुलिनला विरोध करते. अशा मादीवर अंडाशय-गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया विनाविलंब करणे हाच खरा उपचार असतो. कित्येकदा त्यानंतर इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, क्वचित नाहीशीही होते. आपल्याकडे पाळीव माद्यांचे वंध्यीकरण सार्वत्रिक नसल्याने प्रतिरोधाच्या प्रत्येक प्रसंगी मालकास माजाची तारीख विचारणे अगत्याचे आहे.

एवढे करूनही संशय उरला तर चाचणी करावी. मात्र नव्याने निदान झालेल्या, अद्याप ताब्यात न आलेल्या मधुमेहात ती करू नये. अनियंत्रित मधुमेह हा स्वतःच शरीरावरील एक ताण आहे, आणि त्या ताणाने निरोगी अधिवृक्कही चाचणीत दोषी ठरू शकते. काही आठवडे इन्सुलिन देऊन श्वान शक्य तितका स्थिर करावा व मगच दर किलोस ०.०१ मि.ग्रॅ. डेक्सामेथासोन देऊन चार आणि आठ तासांनी कॉर्टिसॉल मोजावे, अथवा ए.सी.टी.एच. उत्तेजन चाचणी करावी. कोणत्याही चाचणीचा निष्कर्ष अंगावरील चिन्हांशी जुळत नसेल, तर चिन्हांवर अधिक विसंबावे.

निदान पक्के झाल्यावर ट्रायलोस्टेन सुरू करतात. मधुमेही श्वानास ते दर किलोस सुमारे १ मि.ग्रॅ. या प्रमाणात, दिवसातून दोनदा, अन्नाबरोबर देणे सोयीचे पडते. उसाय यांच्या प्रयोगातील श्वान येथे प्रत्यक्ष रुग्णाच्या रूपाने चिकित्सकासमोर येतो. कॉर्टिसॉल उतरू लागताच कालपर्यंत अपुरी पडणारी इन्सुलिनची मात्रा आज अतिरिक्त ठरू शकते. सर्वच श्वानांत गरज घटते असे नाही आणि ती किती घटेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच हा काळ जोखमीचा. काही चिकित्सक प्रारंभीच इन्सुलिन एक-चतुर्थांशाने कमी करतात, तर काही ते तसेच ठेवून रक्तशर्करेवर बारीक नजर ठेवतात. मालकास कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त घेऊन घरी शर्करा मोजता येत असेल, किंवा त्वचेवर बसविण्याचा शर्करामापक परवडत असेल, तर दुसरा मार्ग निर्वेध होय. ते शक्य नसेल तेथे पहिलाच पत्करावा. काही दिवस शर्करा थोडी चढी राहिल्याने श्वान मरत नाही. एका रात्रीत ती फार खाली गेल्याने मरतो.

मालकास द्यावयाच्या सूचनांत एक सूचना सर्वांच्या आधी हवी. श्वानाने अन्न टाकले, ओकारी केली किंवा तो मलूल झाला, तर त्या दिवशीची ट्रायलोस्टेनची गोळी देऊ नये, आणि इन्सुलिनची नेहमीची पूर्ण मात्रा चिकित्सकास विचारल्याविना टोचू नये. ही लक्षणे कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर खाली गेल्याची असू शकतात. रिकाम्या पोटी, शर्करा सावरून धरणाऱ्या कॉर्टिसॉलविना, अंगात इन्सुलिन खेळत असणे यासारखा धोका दुसरा नाही.

अवटू ग्रंथीचा प्रश्न याहून फसवा आहे. कॉर्टिसॉलचे आधिक्य, तसेच कोणताही दीर्घ आजार, रक्तातील थायरॉक्सिन खाली आणतो. कुशिंग रोगाच्या पुष्कळ श्वानांत ते कमी आढळते आणि त्यांतील बहुतेकांची अवटू ग्रंथी निरोगी असते. केवळ टी-४ च्या आकड्यावरून थायरॉक्सिन सुरू करणे म्हणूनच गैर होय. टी.एस.एच. वाढलेले असेल तर निदानास बळकटी येते. पण खऱ्या अवटुन्यूनतेच्या सुमारे एक-चतुर्थांश श्वानांत तेही वाढलेले नसते. अशा वेळी मुक्त टी-४ आणि थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडे पाहावीत, किंवा पहिला आजार आटोक्यात येईपर्यंत थांबून परीक्षा पुन्हा करावी. थांबण्याने येथे क्वचितच काही बिघडते. फ्रुक्टोसामीनविषयीही सावध असले पाहिजे. अवटुन्यूनतेत प्रथिनांची उलाढाल मंदावते आणि शर्करा प्राकृत असतानाही फ्रुक्टोसामीन वाढते. त्यावरून मधुमेही श्वानाचे इन्सुलिन वाढविले, तर वस्तुतः अवटूच्या दोषाची शिक्षा स्वादुपिंडास दिल्यासारखे होते. मधुमेह आणि अवटुन्यूनता ही जोडी खरोखरच असेल, तर थायरॉक्सिन अल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवावे. ते लागू पडू लागताच इन्सुलिनची गरज पुन्हा घटू शकते.

उपचारांचा क्रम चुकल्यास सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती ॲडिसन रोग आणि अवटुन्यूनता एकत्र असता. मनुष्यातील या जोडीचे वर्णन श्मिट यांनी १९२६ मध्ये केले. श्वानांतही ती आढळते, आणि दोन्ही ग्रंथींचा नाश बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीकडून झालेला असतो. मंदपणा, अशक्तता, वाढलेले कोलेस्टेरॉल पाहून अवटुन्यूनतेचे निदान होते आणि थायरॉक्सिन दिले जाते. थायरॉक्सिन चयापचयाची गती वाढविते. कॉर्टिसॉलचा विनाशही त्याबरोबर वाढतो. अधिवृक्क निरोगी असेल तर ते अधिक स्राव निर्माण करून तूट भरून काढते. नष्टप्राय अधिवृक्कास ते साधत नाही, आणि तोवर कसाबसा तग धरून असलेला श्वान काही दिवसांत कोसळतो. म्हणून अवटुन्यूनतेच्या श्वानास अधूनमधून ओकारी-अतिसार होत असेल, अथवा रक्तातील सोडियम-पोटॅशियम गुणोत्तर २७ च्या खाली असेल, तर आधी मूळ कॉर्टिसॉल मोजावे. ते डेसिलिटरला २ मायक्रोग्रॅमच्या वर असल्यास ॲडिसन रोग बहुतेक निकालात निघतो. खाली असल्यास ए.सी.टी.एच. चाचणी करणे भाग आहे. रोग ठरल्यास प्रथम प्रेडनिसोलोन आणि क्षारनियामक हॉर्मोन द्यावे, श्वान सावरू द्यावा, आणि थायरॉक्सिनचा विचार त्यानंतर करावा. कित्येकदा एवढ्यानेच टी-४ पूर्ववत होते आणि थायरॉक्सिनची गरजच उरत नाही.

मधुमेही श्वानात पुढे ॲडिसन रोग उद्भवणे विरळा. पण त्याची पहिली खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आहार आणि मात्रा तीच असताना शर्करा वारंवार उतरू लागते, आणि मालक इन्सुलिन कमी करीत जातो. येथे प्रेडनिसोलोनची मात्रा शरीराच्या नित्य गरजेपुरतीच, म्हणजे दर किलोस दिवसाला ०.१ ते ०.२ मि.ग्रॅ. किंवा त्याहूनही कमी ठेवावी. थोडीही वाढ झाली तरी इन्सुलिनची गरज वर चढते. प्रवास, शस्त्रक्रिया, दिवाळीतील फटाके अशा ताणाच्या प्रसंगी ती दुप्पट करावी लागते, तेव्हा त्या दोन-तीन दिवसांत शर्करा चढणारच. तेवढ्यावरून इन्सुलिनची कायमची मात्रा वाढवू नये. प्रेडनिसोलोन पूर्ववत झाल्यावर आठवडाभराने मोजणी करून मगच ती ठरवावी.