सनदी लेखापालाच्या परीक्षेंतील लेखी उत्तर



आपल्या परिचयाच्या एखाद्या तरी घरांत सध्यां कोणी मुलगा अगर मुलगी चार्टर्ड अकाउंटंटच्या, म्हणजे सनदी लेखापालाच्या परीक्षेची तयारी करीत असेल. अशा घरांत पाहुण्यांस 'परीक्षा आटोपल्यावर या' असें सांगण्यांत येतें, सणवार थोडक्यांत उरकतात, आई रात्रीं दोनदां उठून मुलाच्या खोलींतील दिवा पाहून जाते. पुढें निकाल लागतो आणि कळतें, कीं प्रत्येक पेपरांत चाळीसांहून अधिक गुण आहेत, परंतु गटाची बेरीज निम्म्यास पोंचलेली नाहीं. सबब सारा गट नापास. मग अभ्यास कमी पडला असा निवाडा घरांत होतो. माझ्या मतें हा निवाडा पुष्कळदां अन्यायाचा असतो. अभ्यास झालेला असतो, उत्तर लिहिण्याची तयारी झालेली नसते. आणि हीं दोन कामें एक नव्हत.

मी हिशेबशास्त्राचा पंडित नव्हें. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि उभी हयात मुलांच्या निबंधांवर तांबडी शाई चालविण्यांत गेली. निवृत्तीनंतर कांहीं जुने विद्यार्थी सरावाच्या वह्या घेऊन येऊं लागले. 'सर, यांतला हिशेब पाहूं नका, वाचून काय समजतें तेवढें सांगा,' एवढीच त्यांची मागणी असे. त्या वह्या वाचतां वाचतां जें ध्यानांत आलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

या परीक्षेचें आणि मुंबईचें नातें जुनें आहे. १९१८ सालीं मुंबईंत 'गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी' हा अभ्यासक्रम सुरू झाला; पुढें १९४९ च्या कायद्यान्वयें, त्या वर्षाच्या १ जुलैस, सनदी लेखापालांची आजची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तिच्या परीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. २०२४ पासून नव्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा सुरू झाल्या. वरच्या दोन पायऱ्यांवर बहुतेक पेपरांत शंभरांपैकीं तीस गुण पर्याय निवडण्याच्या प्रश्नांस आणि सत्तर गुण लिहून द्यावयाच्या उत्तरांस आहेत. फायनलचा सहावा पेपर मात्र निराळा आहे. त्यांत पुस्तकें जवळ बाळगण्याची मुभा असते. पुस्तक जवळ असलें म्हणजे उत्तर जवळ असतें असें नाहीं, हें त्या पेपरास बसलेला कोणीही सांगेल.

तें सत्तर गुणांचें लेखन कसें असावें, हें एका उदाहरणानें पाहूं. हिशेब न जाणणाऱ्या श्रोत्यांनींही थोडें लक्ष द्यावें, कारण यांत अवघड गणित नाहीं. एका कंपनीचें हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपलें. त्या दिवशीं एका व्यापाऱ्याकडून तिचें पांच लाख रुपये येणें होतें. २० एप्रिलला तो व्यापारी नादार ठरला. कंपनीच्या संचालकांनीं गेल्या वर्षाचे हिशेब १५ जूनला मंजूर केले. प्रश्न असा, कीं या बुडालेल्या पांच लाखांचें ३१ मार्चच्या ताळेबंदांत काय करावयाचें?

माझ्याकडे आलेल्या एका वहींत या प्रश्नाचें उत्तर सव्वा पान होतें. आरंभीं ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटना म्हणजे काय याची व्याख्या, मग त्यांचे दोन प्रकार, मग हिशेबांत सावधगिरी कां बाळगावी यावर एक लहानसें प्रवचन, आणि शेवटीं 'तरी कंपनीनें याबाबत योग्य ती कार्यवाही करावी' असें वाक्य. यांतील एकही विधान खोटें नव्हतें. परंतु परीक्षकानें विचारलें होतें तें त्यांत कोठेंच नव्हतें. योग्य कार्यवाही कोणती, एवढेंच तर त्याला हवें होतें!

आतां दुसरें उत्तर ऐका. 'लेखा मानक क्रमांक ४ प्रमाणें, ताळेबंदाच्या तारखेनंतर पण हिशेब मंजूर होण्यापूर्वीं घडलेली घटना जर त्या तारखेस असलेल्या परिस्थितीचाच अधिक पुरावा देत असेल, तर त्यानुसार हिशेबांत दुरुस्ती करावी लागते. येथें व्यापारी २० एप्रिलला, म्हणजे हिशेब मंजूर होण्यापूर्वीं, नादार ठरला. त्याची सांपत्तिक स्थिति ३१ मार्चलाच खालावलेली होती, हें त्यावरून दिसतें. म्हणून कंपनीनें ३१ मार्चच्या हिशेबांतच पांच लाखांची तरतूद करावी.' चार वाक्यें झालीं. नियम आला, प्रश्नांतील तारखा नियमाला लावून दाखविल्या, आणि निर्णय रकमेसह दिला. परीक्षकाच्या पेन्सिलीला टेंकायला तीन जागा मिळाल्या.

परंतु खरी मौज पुढें आहे. समजा, प्रश्नांत एकच ओळ अधिक आहे: तो व्यापारी ३१ मार्चला चांगला सधन होता, १० एप्रिलला त्याच्या विमा न उतरविलेल्या गोदामास आग लागली आणि त्या आगींत तो धुळीस मिळाला. माणूस तोच, रक्कम तीच, नादारीची तारीखही तीच. तरी उत्तर उलटें! बुडण्याचें कारण ३१ मार्चनंतर जन्मलें. त्या दिवशीं येणें सुरक्षितच होतें. म्हणून त्या वर्षाच्या आंकड्यांत दुरुस्ती करावयाची नाहीं. रक्कम कंपनीच्या मानानें मोठी असेल तर ती माहिती उघड करावयाची. ज्यानें उत्तर पाठ केलें आहे तो येथें हटकून फसतो, कारण 'नादार' हा शब्द दिसतांच त्याची लेखणी पाठ केलेल्या वाटेनें धांवत सुटते. जो प्रश्नांतील तारखा समासांत उतरून घेतो आणि 'कारण केव्हां घडलें?' असें स्वतःस विचारतो तो वांचतो.

कायद्याच्या पेपरांतही हाच प्रकार. हिशेबतपासनिसाच्या पत्नीजवळ त्याच कंपनीचे शेअर आहेत. दर्शनी किंमत नव्वद हजार, बाजारभाव तीन लाख. तो हिशेबतपासनीस म्हणून अपात्र ठरतो काय? २०१३ च्या कंपनी कायद्याचें १४१ वें कलम आणि त्याखालील नियम नातेवाइकास एक लाख रुपयांपर्यंतची सूट देतात, आणि ती दर्शनी किमतीवर मोजली जाते. म्हणून तो अपात्र नाहीं. स्वतः त्याच्याजवळ मात्र एक शेअर असता तरी तो अपात्र होता. प्रश्नकर्त्यानें बाजारभावाचा आंकडा मुद्दामच पेरलेला आहे. तो आंकडा येथें कां धरावयाचा नाहीं, हें उत्तरांत एका वाक्यानें सांगावें. न सांगितल्यास तो विद्यार्थ्याच्या नजरेंतून सुटला असें वाटण्याचा संभव असतो.

आतां भाषेविषयीं, कारण तें माझें क्षेत्र. या परीक्षेचीं उत्तरें इंग्रजींत अगर हिंदींत लिहावीं लागतात, मराठींत नाहीं. मराठी शाळेंतून आलेल्या मुलास यामुळें एक न्यूनगंड असतो, आणि तो लपविण्यासाठीं तो लांबलचक, अलंकृत इंग्रजी लिहूं पाहतो. तसें करूं नये. वर्गांत मी मुलांस सांगत असें, कीं निबंधांत एकच शब्द पुन्हां पुन्हां वापरूं नका, पर्याय शोधा. निबंधास तें शोभतें. हिशेबाच्या उत्तरांत मात्र तोच शब्द दहादां आला तरी बिघडत नाहीं. बदलला तर बिघडतें. 'प्रोव्हिजन' आणि 'रिझर्व्ह' हे दोन शब्द घ्या. पहिला म्हणजे ज्ञात देण्यासाठीं किंवा नुकसानीसाठीं, नेमका आंकडा ठाऊक नसतांही, केलेली तरतूद; दुसरा म्हणजे नफा ठरल्यावर त्यांतून बाजूस काढलेला राखीव निधि. एका वाक्यांत पहिला आणि पुढच्यांत दुसरा लिहिणाऱ्यास बदल सुंदर वाटतो, परंतु वाचणाऱ्यास त्यांत अज्ञान दिसतें. वाक्य आठ-दहा शब्दांचें असावें. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागीं असावें. एवढें इंग्रजी आपल्या मुलांस खचित येतें.

प्रश्नाच्या शेवटचें क्रियापदही नीट वाचलें पाहिजे. 'सांगा' म्हटलें असतां मुद्दे पुरतात. 'तपासा' म्हटलें असतां नियम लावून दाखवावा लागतो. 'सल्ला द्या' म्हटलें असतां सल्ला दिलाच पाहिजे. पेपर सुरू होण्यापूर्वीं वाचनासाठीं जीं पंधरा मिनिटें मिळतात तीं याच कामाचीं आहेत.

वेळेचा हिशेब तर हिशेबनिसानें करावाच. पेपर तीन तासांचा. पर्यायांच्या प्रश्नांस पाऊण तास दिला तर सत्तर गुणांसाठीं १३५ मिनिटें उरतात. पांच गुणांच्या उत्तरास साडेनऊ मिनिटांहून थोडी अधिक. हातानें लिहून इतक्या वेळांत एक पान होतें, दोन होत नाहींत. संस्था मागील पेपरांचीं नमुना उत्तरें प्रसिद्ध करते; तीं अवश्य वाचावीं, परंतु तीं सावकाशीनें, सर्व बाजू धरून लिहिलेलीं असतात. त्यांची लांबी पाहून धीर सोडूं नये, आणि तीं पाठही करूं नयेत. त्यांतील नियम कोणता, तो कोठें लावला, निर्णय काय, या तीन जागांवर पेन्सिलीनें रेघ ओढावी आणि मग पुस्तक मिटून, घड्याळ समोर ठेवून, स्वतःचें उत्तर लिहावें. आंकडेमोडीच्या प्रश्नांतही टिपणें, ज्यांस मुलें वर्किंग नोट्स म्हणतात, उत्तराचाच भाग म्हणून लिहावीं लागतात, आणि कांहीं गृहीत धरलें असल्यास तसें नमूद करावें लागतें. कच्च्या कागदावरचें शहाणपण परीक्षकास दिसत नाहीं.

घरांतील वडील मंडळी विचारतात, आम्हांस यांतलें ओ कीं ठो कळत नाहीं, आम्ही काय मदत करणार? पुष्कळ करूं शकाल. मुलानें लिहिलेलें उत्तर त्याच्याकडून मोठ्यानें वाचून घ्या, मराठींत अर्थ सांगायला लावा, आणि एकच प्रश्न विचारा: 'मग त्या पैशांचें करायचें काय?' उत्तर ऐकूनही तें तुम्हांस कळलें नाहीं, तर दोष बहुधा तुमचा नसतो. एका विद्यार्थ्याची आई रोज भाकऱ्या करतां करतां असें एक उत्तर ऐके. 'अरे, पण दुरुस्ती करायची कीं नाहीं तें सांग ना!' असें ती दोन दिवसांआड म्हणे. हिशेबशास्त्राचें एकही पुस्तक न उघडलेल्या त्या बाईनें त्याच्या उत्तरांचा शेवट सुधारला.

निकाल मनासारखा न लागला तर आणखी एक मार्ग आहे. परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं माहितीच्या अधिकाराखालील एका प्रकरणांत दिला. आणि सनदी लेखापालांची संस्थाही अर्ज केल्यास उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत देते. ती मागवावी. गुण वाढवून घेण्याच्या आशेनें नव्हे, तर तीन तासांच्या घाईंत आपला हात प्रत्यक्षांत काय लिहितो हें पाहण्यासाठीं. एका मुलानें ती प्रत माझ्यासमोर टेबलावर पसरली, आणि पहिल्या चार उत्तरांत 'म्हणून' हा शब्द एकदांही आलेला नाहीं, हें मी बोट ठेवण्यापूर्वींच त्यानें मला सांगितलें.