कोवळं गवत का कोलमडतं?

लॉनचं बी छान उगवतं आणि चार दिवसांत जागोजागी रोपं आडवी होतात. बियाण्याला दोष देण्याआधी वाफा बघा.

पिथियम आणि रायझोक्टोनिया मातीत असतातच. त्यांना संधी आपण देतो. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, म्हणून साचलेलं पाणी घातक. बी दाट पडलं की हवा खेळत नाही. युरिया जास्त झाला की पानं लुसलुशीत आणि नाजूक होतात. दिवसा ३० अंशांच्या वर उष्मा आणि रात्रही उबदार, दमट असली, तर रोग रातोरात पसरतो. सकाळी दवात कापसासारखे पांढरे तंतू दिसतात. थंडीतही सुटका नाही. गार मातीत बी सावकाश उगवतं आणि तितके दिवस बुरशीच्या तोंडी राहतं.

मग करायचं काय? निचरा आधी सुधारा. बी प्रमाणात टाका, पेरण्याआधी त्याला ट्रायकोडर्मा चोळा. पाणी सकाळी द्या, म्हणजे पानं रात्रभर ओली राहणार नाहीत. उगवण झाली की पाण्याच्या पाळ्या कमी करा. कुजून आडवं झालेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. म्हणून काळजी पेरणीच्या दिवसापासूनच घ्यायची.