गाव नाही, की पत्ता चुकला?

मी साहित्याची विद्यार्थिनी. जावाशी माझी गाठ पडली ती आजीमुळे. आजी जुन्या सुप्याची. तिच्या तोंडचे शब्द मी वहीत टिपत गेले आणि या अंकासाठी त्यांची अकारविल्हे सूची करायला घेतली.

संगणकाच्या साध्या क्रमात ‘ळ’ येतो ‘ल’च्या लगेच मागे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. त्यामुळे ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी जाऊन बसला. मराठी क्रम जाणणारी आयसीयू-फोर-जे नावाची जार फाईल मोफत मिळते. जार म्हणजे तयार क्लासेसचं एक गाठोडं. ते उतरवून प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवलं, इम्पोर्टची ओळ लिहिली, कंपाइल केलं. उत्तर आलं, ‘पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट’. खाली ‘कॅननॉट फाइंड सिम्बॉल’ची रांग. अंक दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. दोन तास मी स्पेलिंगच तपासत बसले. जार तर डोळ्यांसमोर होती!

आता कळतं, ती एरर खरं सांगतच नव्हती. काळी नदीवरच्या धरणात सुपा बुडालं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, बरीच कुटुंबं रामनगरला वसली. आजी सांगते, नंतरही काहींची पत्रं जुन्याच पत्त्यावर लिहिलेली असायची. माणसं होती, पत्ता चुकीचा होता. कंपायलरचंही तसंच. ‘अस्तित्वात नाही’ म्हणजे ‘तू सांगितलेल्या ठिकाणी मला सापडलं नाही’, एवढंच.

त्या ठिकाणांची यादी म्हणजे क्लासपाथ. आपण काहीच सांगितलं नाही, तर जावा फक्त चालू फोल्डरमधल्या सुट्या क्लास फाईली बघते. शेजारचं गाठोडं ती आपणहून सोडत नाही. त्या जारचं नाव यादीत घालावं लागतं.

मग करायचं काय?

१. एररची पहिली ओळ आधी वाचा. पहिली सुटली की खालच्या बऱ्याचशा आपोआप जातात.

२. कंपाइल करताना ‘जावासी’नंतर डॅश-सीपी, मग जारचा पूर्ण पत्ता, शेवटी फाईलचं नाव द्या. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला.

३. जार पुष्कळ असतील तर त्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ व चांदणी द्या. नुसतं फोल्डरचं नाव दिलं तर आतल्या जार धरल्या जात नाहीत.

४. प्रोग्रॅम चालवतानाही तोच क्लासपाथ पुन्हा द्यावा लागतो. इथे मी परत फसले. डॅश-सीपी दिलं की चालू फोल्डर यादीतून गळतं, आणि मेन क्लासच सापडत नाही! म्हणून जारबरोबर चालू फोल्डरसाठी एक टिंबही लिहायचं. मध्ये विंडोजवर अर्धविराम (;), लिनक्स आणि मॅकवर दोन टिंबं (:).

रात्री साडेअकराला सूची लागली. आपल्याला जमत नाही म्हणून मी क्रम तसाच चुकीचा छापायला निघाले होते, याचं आता वाईट वाटतं. आजीचे शब्द गोळा करायचे आणि चुकीच्या जागी ठेवायचे, म्हणजे शोधणाऱ्याला ते नसल्यासारखेच.

सूची याच अंकात आहे. ‘काळ’ आता ‘काहिली’नंतर आलाय. बघा.