वकील कोणाचा?

तुमसरच्या बाजारात धान घेऊन येणाऱ्याला अडत्या म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. माल त्याचा नसतो, पैसाही त्याचा नसतो. तो मध्ये उभा राहतो, भाव बोलतो आणि आपली अडत घेतो. अडत्या असणे यात गैर काही नाही. पण तो आपला भाव चढवतो आहे की समोरच्या व्यापाऱ्याचा उतरवतो आहे, एवढे मात्र शेतकऱ्याला कळले पाहिजे. ते कळले नाही की खंडीमागे मार बसलाच म्हणून समजा.

राज्यकारभारातही असे अडते असतात. ब्रिटिश पार्लमेंटात सभागृहाबाहेरच्या दालनाला 'लॉबी' म्हणतात. सभासदांना तेथे गाठून आपले म्हणणे त्यांच्या कानावर घालावयाचे, ही जुनी रीत. त्यावरून एखाद्या धंद्याच्या वतीने सरकारचे मन वळवणाऱ्याला 'लॉबिस्ट' हे नाव पडले. अमेरिकेत अशा माणसांनी आपली नोंद करावी, कोणासाठी काम करतो ते सांगावे, असा कायदा 1946 साली झाला व 1995 साली तो अधिक कडक झाला. आपल्याकडे अशी नोंद ठेवणारा कायदा नाही. म्हणून आपणच डोळे उघडे ठेवावे लागतात.

कोर्टातला वकील हळूहळू साऱ्या धंद्याचा वकील कसा होतो, हे पाहावयाचे तर नानी पालखीवाला यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

नानाभाई पालखीवाला यांचा जन्म 16 जानेवारी 1920 रोजी मुंबईत, एका पारशी कुटुंबात झाला. पूर्वज पालख्या बनवीत, म्हणून आडनाव पालखीवाला. लहानपणी ते बोलताना अडखळत. पुढे हाच मुलगा देशातला गाजलेला वक्ता झाला! इंग्रजीत एम. ए. झाल्यावर त्यांना प्राध्यापक व्हायचे होते. ती जागा मिळाली नाही, म्हणून ते कायद्याकडे वळले. सर जमशेदजी कांगा यांच्या हाताखाली त्यांनी वकिली सुरू केली आणि 1950 साली, अवघ्या तिशीत, कांगांसह प्राप्तिकराच्या कायद्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता, कराचा वकील म्हटला की त्याचे अशील कोण असणार? कर भरण्याइतकी ज्यांची मिळकत आहे ते, म्हणजे गिरण्या, कंपन्या, बँका. अशिलांचे प्रश्न सोडवता सोडवता पालखीवालांना वाटू लागले की, दोष एकेका खटल्यात नाही, सरकारच्या अर्थनीतीतच आहे. 1958 पासून ते 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' या संस्थेच्या व्यासपीठावरून दरवर्षी अर्थसंकल्पावर व्याख्यान देऊ लागले. सुरुवात एका हॉटेलातील लहानशा दालनात झाली. पुढे जागा अपुरी पडू लागली आणि व्याख्यान ब्रेबोर्न स्टेडियमवर न्यावे लागले. रूक्ष आकडे ऐकायला माणसांनी क्रिकेटचे मैदान भरावे, ही गोष्ट काही लहान नव्हे. 1994 पर्यंत हा क्रम चालला. 1973-74 साली सर्वांत वरच्या मिळकतीवर प्राप्तिकराचा दर अधिभारासह 97.75 टक्क्यांवर गेला होता. अशा करातून तिजोरी भरत नाही, करचुकवेगिरी मात्र वाढते, असे त्यांचे सांगणे असे. पुढे दर उतरलेही.

याच काळात ते टाटा समूहाच्या संचालकांत बसू लागले. म्हणजे ज्या उद्योगांची बाजू मांडायची, त्यांच्याच कारभारात त्यांचा वाटा होता. हे त्यांनी लपवले नाही; पण ऐकणाऱ्यानेही विसरू नये.

मग 19 जुलै 1969 उजाडला. ज्यांच्या ठेवी 50 कोटी रुपये किंवा अधिक होत्या अशा 14 बँका सरकारने वटहुकमाने ताब्यात घेतल्या. सेंट्रल बँकेचे एक संचालक व भागधारक आर. सी. कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यांचे वकील म्हणून उभे राहिले पालखीवाला. 10 फेब्रुवारी 1970 रोजी अकरा न्यायमूर्तींपैकी दहा जणांनी तो कायदा रद्द ठरवला. बँका घेण्याचा संसदेला अधिकारच नाही, असे न्यायालय म्हणाले नाही, हे नीट ध्यानात घ्या. म्हणणे एवढेच की, चौदाच बँकांना बँकिंगची बंदी आणि इतरांना मुभा, हा भेदभाव झाला. आणि भरपाई ठरवण्याची रीतही न्याय्य नव्हती. चार दिवसांत दुसरा वटहुकूम निघाला. त्यात प्रत्येक बँकेच्या भरपाईचा आकडाच लिहिला गेला. खटला जिंकला, बँका मात्र सरकारकडेच राहिल्या.

आता तुम्ही विचाराल, "यात आमच्या धानाच्या बांधीचा संबंध कुठं आला?" संबंध दोन बाजूंनी येतो.

पहिली बाजू कर्जाची. 1951-52 च्या ग्रामीण कर्ज पाहणीत असे दिसले की, शेतकऱ्याने काढलेल्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा शेकडा एक रुपयाही नव्हता. बाकी बहुतेक सावकार! धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने 1969 साली जिल्हावार पतपुरवठ्याची आखणी सुचवली, आणि त्यातून प्रत्येक जिल्ह्यास एक अग्रणी बँक नेमण्याची योजना निघाली. त्या साली देशात बँकांच्या शाखा सव्वाआठ हजारांच्या घरात होत्या; 1990 पर्यंत त्या साठ हजारांच्या आसपास गेल्या. बँक खेड्याच्या वेशीपर्यंत आली ती अशी. भागधारकाचा वकील कोर्टात होता. कर्ज न मिळालेल्या शेतकऱ्याचा वकील त्या दालनात कोणी नव्हता.

दुसरी बाजू मोबदल्याची, आणि येथे पालखीवालांचे म्हणणे आपल्या दारात येऊन उभे राहते. सार्वजनिक कामासाठी सरकारने मालमत्ता घ्यावी, पण मोल न्यायाने द्यावे, हा त्यांचा मुद्दा. 1971 च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने 'भरपाई' हा शब्द काढून 'रक्कम' हा शब्द घातला. 1978 साली मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच गेला. बँकेच्या भागधारकाला त्याची झळ किती लागली, कोण जाणे! पण बावनथडी आणि गोसीखुर्दच्या प्रकल्पांत ज्यांची शेते गेली, त्यांना विचारा, भरपाई या शब्दाला वजन किती असते ते. धनिकांसाठी लढलेला मुद्दा गरिबाच्याही उपयोगी पडू शकतो, तो असा.

म्हणून पालखीवालांना भांडवलदारांचा माणूस म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही, आणि त्यांचा शब्द म्हणजे साऱ्या जनतेचा शब्द, असे मानणेही बरोबर नाही. केशवानंद भारती खटल्यात त्यांनी मांडलेल्या बाजूमुळे 1973 साली घटनेच्या मूळ चौकटीला संरक्षण मिळाले. 1977 ते 1979 ते अमेरिकेत आपले राजदूत होते. 11 डिसेंबर 2002 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचा मोठेपणा असा की, मन वळवायचे ते त्यांनी भर सभेत आणि भर न्यायालयात, ज्याला खोडायचे त्याला खोडता येईल अशा रीतीने वळवले. चिंता वाटते ती दालनात कुजबुजणाऱ्यांची.

तेव्हा बँकेचे व्याज, विम्याचा हप्ता, कर्जाची सूट यांविषयी कोणी विद्वान बोलू लागला, तर जरूर ऐका, पण बाजारात विचारता तोच प्रश्न त्यालाही विचारा, "बाबा, तू अडत्या कोणाचा?" उत्तर सरळ आले, तर पुढचा सौदा सोपा होतो.