दोन खांबांमधली दोरी

रमजानचे पहिले आठ दिवस मशिदीत पाय ठेवायला जागा नसते. तरावीहच्या रांगा पार अंगणापर्यंत जातात. बाराव्या-तेराव्या दिवशी मात्र पंख्याखालच्या जागाही मोकळ्या दिसू लागतात. सारी भक्ती पहिल्याच आठवड्यात उरकायची घाई केली, की अंगही थकते आणि मनही. एक जानेवारीला व्यायामाचा संकल्प सोडणाऱ्यांचे याहून वेगळे काय होते?

एकदा प्रेषित मुहम्मद (स.) मशिदीत आले, तेव्हा त्यांना दोन खांबांमध्ये बांधलेली दोरी दिसली. चौकशी केल्यावर कळले, की हजरत जैनब (रजि.) नमाज पढताना थकल्या की त्या दोरीचा आधार घेतात. प्रेषितांनी (स.) दोरी सोडायला सांगितली. उमेद असेपर्यंत नमाज पढावी, थकवा आला की बसावे, असे ते म्हणाले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हा प्रसंग आहे.

रोजाच्या हुकमातही हीच समज आहे. कुरआनच्या सूरह बकरामधील 185व्या आयतीत आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत दिली आहे; सुटलेले रोजे त्याने नंतर पूर्ण करावेत. अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, हे कारणही तिथेच सांगितले आहे. तरीही डॉक्टरांनी मनाई केलेले मधुमेही वडीलधारे हट्टाने रोजा धरतात. अल्लाहने दिलेली सवलत घेणे हेसुद्धा आज्ञापालनच आहे, हे त्यांना घरच्यांनी प्रेमाने समजावले पाहिजे.

आता इफ्तारचे पाहा. प्रेषित (स.) खजुराने रोजा सोडत, खजूर नसेल तर पाण्याच्या घोटांनी. आपल्या दस्तरखानावर मात्र भजी, समोसे, कबाब, फळांची चाट आणि दोन प्रकारची सरबते लागतात. हे करणारी बाईही रोजेदारच असते. असरपासून मगरिबपर्यंत ती गॅसपुढे उभी. दुआ मागण्याची मोलाची वेळ तिची तळणात जाते. दोन पदार्थ कमी केले, सरबत नवऱ्याने ढवळले, दस्तरखान मुलांनी मांडला, तर तिच्याही वाट्याला थोडा रमजान येईल.

याचा अर्थ आळस करावा असा नाही. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण प्रसिद्ध आहे. उंट बांधणे आपले काम. तो सुटला तर नाही ना म्हणून रात्रभर उठून पाहत राहणे, हे मात्र आपले काम नव्हे. थोडे का असेना, पण नेमाने केलेले काम अल्लाहला सर्वांत प्रिय आहे, असेही हदीस सांगते. आपण मराठीत म्हणतोच, थेंबे थेंबे तळे साचे. रोज कुरआनचे एक पान, दुकान बंद करण्याची ठरलेली वेळ, दुपारी घटकाभर विसावा. त्या विसाव्याला कैलुला म्हणतात आणि तो सुन्नत आहे.

दुकानदार असो, विद्यार्थी असो की गृहिणी, प्रत्येकाने थकल्यावरही स्वतःला उभे ठेवण्यासाठी कुठे ना कुठे अशी दोरी बांधलेली असते. धर्म कोणताही असो, या महिन्यात ती शोधून सोडून पाहायला काय हरकत आहे?